आत्याच्या खोलीची कडी

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका. आत्याच्या भाचीने एका सकाळी मला दारावर सैल करून ठेवलं, माझ्या कोयंड्याचे स्क्रू काढून खिशात टाकले आणि वर माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिचं बोट मी लहानपणी एकदाही चेमटू दिलं नाही, तिने!

मी एक जुनी कडी आहे. एका लोहाराने मोडक्या खिडकीच्या गजातून मला घडवलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. उघडणं आणि बंद होणं, एवढंच मला येतं. पण ते मी सव्वीस वर्षं असं केलं, की कोणी नावं ठेवून दाखवावीत!

माझ्या दारामागे आत्याची खोली. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते. खोलीत आजाऱ्याला लागणाऱ्या वस्तू असतात: चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, ऑक्सिजनचं मशीन. ज्याला गरज पडेल त्याने मला उचलायचं, वस्तू न्यायची आणि आत्याच्या कानावर घालायचं. एका घरची गरज संपली, की वस्तू परस्पर पुढच्या घरी जायची. खोलीत परत यायला तिला उसंतच नसे. कोणती वस्तू कुठे आहे, ते आत्याच्या डोक्यात पक्कं असे.

मग भाचीच्या कॉलेजात कार्यशाळा भरली. ब्लॉकचेनवर धंदा कसा उभारायचा, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट कसा लिहायचा, हे तिथे तीन दिवस शिकवत होते. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे यंत्राने स्वतःच पाळायचा करार. त्यांनी लिहिला तसला करार एकदा अनेक संगणकांवर चढला, की कोणालाही खोडता येत नाही. भाचीने सरावाला आमचीच खोली निवडली. तिसऱ्या दिवशी चौदा मुलं लॅपटॉप घेऊन हजर! एक पठ्ठ्या तर चाकाच्या खुर्चीत गिरक्या घेत टाइप करत होता.

दारावर अंगठा ओळखणारं, त्या कराराच्या हुकमानेच उघडणारं कुलूप बसलं आणि नियम ठरला. जो वस्तू नेईल, त्यानेच महिन्याच्या आत ती आणून स्वतःचा अंगठा लावायचा. एकाची जरी मुदत टळली, तरी दार सगळ्यांना बंद.

"म्हणजे सगळी गल्लीच त्याच्या मागे लागेल," भाची खुशीत म्हणाली.

"आणि मला उघडायचं असलं तर?" आत्याने विचारलं.

शिकवणारे सर हसले. "तुम्हालासुद्धा नाही, आत्या. मालकाची किल्लीच ठेवली नाही आम्ही. आता वशिला बंद!"

"बरं बाबा, शिकलेली माणसं तुम्ही."

टाळ्या झाल्या. वस्तू कशा फिरतात, हे एकानेही तिला विचारलं नाही. आणि न विचारता सांगेल, तर ती आत्या कसली! नव्या काळ्या कुलपाशेजारी मी लोंबत राहिले.

पुढे गल्लीतले शिंपीकाका आजारी पडले. त्यांनी अंगठा लावून खुर्ची नेली. बाराव्या दिवशी काका गेले. खुर्ची, गल्लीच्या रीतीप्रमाणे, बेकरीवाल्याच्या आईकडे गेली. महिना सरला तसा कुलपावर तांबडा दिवा लागला. तो माझ्याशिवाय कोणाच्या नजरेस पडला नाही, आणि मला कुठे तोंड आहे?

तिसऱ्या दिवशी दुपारी शिंपीणकाकूंना धाप लागली. रुग्णवाहिका बोलावली होती, पण ती येईपर्यंत मशीन हवं म्हणून त्यांचा मुलगा धावत आला. त्याने अंगठा लावला. कुलूप "पीप" म्हणालं आणि गप्प. बेकरीवाल्याने आईला बाकावर बसवून खुर्ची दारात आणली. पुन्हा पीप. कराराला काकांचा अंगठा हवा होता.

"अरे, मेलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणू?" मुलगा कुलपावर ओरडला.

आत्याने भाचीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात याच कुलपासाठी बक्षीस घेत होती, फोन बंद. सरांनी मात्र उचलला. "आत्या, माझ्या हातात काहीच नाही हो. तेच तर त्यातलं वैशिष्ट्य..."

मशीन दारापासून चार पावलांवर होतं. मला ते फटीतून दिसत होतं. सव्वीस वर्षं जे काम मी डोळे मिटून केलं, ते त्या दिवशी मला करता येईना. सुताराने पहारीने दार उचकटलं, तोवर काकूंना घेऊन गाडी माझ्यासमोरून निघून गेली होती. त्यांचे ओठ निळे पडले होते.

मित्रांनो, नवं जरूर आणा. मी गंजले तरी चालेल. पण जुन्याला बाजूला सारण्याआधी त्याला तेलाचा एक थेंब द्या, त्याच्यापाशी घटकाभर बसा, आणि ते कोणासाठी, कसं उघडत होतं ते बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी भाची आली. काकू अजून शुद्धीवर नव्हत्या. हातात बक्षीस धरून ती फुटक्या दारात उभी राहिली. "आत्या, करारात एकच ओळ राहिली गं."

आत्या खोलीतून बाहेर आली. आधी तिने मला हात लावला, मग भाचीकडे पाहिलं.

"विचारायचं तुझं राहिलं आणि सांगायचं माझं. माझं मी बघेन. तू ते बक्षीस मला दाखवू नकोस. जा, काकूंच्या उशाशी बस. त्यांनी डोळे उघडेपर्यंत तिथून हलायचं नाही. आणि उघडले, की सगळ्यात आधी तुझ्या तोंडाने कबूल कर त्यांच्यापाशी, 'दार मी बंद केलं होतं' म्हणून."