ट्रामवाल्यांनी मांडलेले टेबल

मित्रांनो, तुम्ही शाळेतून आल्याबरोबर ज्याच्यावर दप्तर आपटता, त्या टेबलाच्याच जातीचे मी एक. अक्रोडाच्या लाकडाचे, जेवणाचे, आता बरेच जुने झालेले. सध्या माझ्यावर ताटे मांडली जात नाहीत. कात्री, खडू आणि कापडाचे ठाण असते. हे असे का झाले, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या पोटात एक गंमत करून ठेवली होती. दोन्ही टोके धरून ओढली की मी मधोमध उघडत असे, आणि त्या फटीत एक वेगळी फळी बसत असे. "ही पाहुण्यांची फळी. हिला जपा," असे त्याने गिऱ्हाइकाला बजावले. गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण ट्रामचालक. नुकतेच लग्न झालेले. ट्रामच्या आगारातल्या मित्रांना घेऊन त्याने मला वरच्या मजल्यावर चढवले. जिन्याच्या वळणावर मी अडकले, तेव्हा त्या मंडळींच्या तोंडून जे शब्द निघाले ते तुमच्यासमोर न उच्चारलेलेच बरे.

आळीत सगळे त्याला 'ट्रामवाले' म्हणत. त्याच्या बायकोला मी मनातल्या मनात 'घरधनीण' म्हणे. तिने मला पहिल्यांदा पुसले तेव्हाच मी ओळखले, की माझे नशीब उघडले. ती ओले फडके कधी फिरवायची नाही. आधी कोरडे, मग किंचित तेलाचे, आणि शेवटी पदराने उगाचच एकदा.

त्यांना एक मुलगी झाली. ती एका जागी म्हणून बसत नसे, त्यामुळे तिचे नाव पडले भिंगरी. माझ्या चारही पायांभोवती फिरून फिरून तिने मला गरगरायला लावले. माझ्याखाली तिने घर थाटले, माझ्यावर बाराखडी गिरवली आणि नको असलेली भाजी माझ्या खालच्या कडेला चिकटवली. मी कधी चुगली केली नाही.

पण माझा खरा मान ईस्टरला. त्याच्या बऱ्याच आधी घरधनीण एका पसरट भांड्यात गहू पेरायची. सणापर्यंत हिरवेगार गवत उभे राही आणि त्यात ती रंगवलेली अंडी ठेवी. काही कांद्याच्या सालींत उकळून तांबूस केलेली, काही बिटाच्या रसात बुडवलेली. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, सशाच्या कानांसारखे उभे दुमडलेले नॅपकिन, आणि पिवळी फुले बुटक्या बरणीत. उंच फुलदाणी तिला चालत नसे. "समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर एकत्र बसायचं कशाला?" असे ती म्हणे. मग पाहुण्यांची फळी निघे, आगारातली मंडळी सहकुटुंब येत आणि जो तो म्हणे, "काय सुंदर टेबल मांडलंय!" मित्रांनो, खोटे कशाला बोलू, ती तारीफ मी माझीच समजत असे.

पुढे आगारातली मंडळी पांगली. भिंगरी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली; तिथे तिलाही एक मुलगी झाली. फळी कपाटामागे जाऊन बसली, आणि मला भिंतीला टेकवून ठेवण्यात आले. तरी घरधनीण होती, तोवर माझ्यावर दोन ताटे पडत होती. एका हिवाळ्याच्या तोंडावर ती आजारी पडली आणि गेली.

त्यानंतर ट्रामवाले माझ्यापाशी बसेनासे झाले. ओट्याशी उभ्याउभ्याच काहीतरी खात. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे, औषधांच्या बाटल्या आणि एक बंद पडलेले घड्याळ साचत गेले. धूळ बसली. मला धुळीचे इतके वाटले नाही. माझ्याकडे कुणी पाहत नव्हते, ते लागले.

भिंगरी फोनवर एकच धोशा लावून होती. "बाबा, एकटे कसे राहणार तुम्ही? इकडे या. खोली लहान आहे, पण आहे."

"मला काय धाड भरली आहे?" ट्रामवाले म्हणत. शेवटी एकदा त्यांनी जाहीर करून टाकले, "असं कर, ईस्टरला तुम्हीच इकडे या. सगळं मी करतो. तुझी आई करायची तस्सं. मग बघ, मला एकट्याला जमतं की नाही, आणि मग बोल."

झाले! त्या दिवसापासून घरात धांदल उडाली. वर्तमानपत्रे गेली, बाटल्या गेल्या. कपाटामागची फळी बाहेर आली. अंधारात राहिल्यामुळे तिचा रंग अजून ताजा होता; तिच्या शेजारी मी फारच उतरलेले दिसत होते. खोबणी घट्ट झाल्या होत्या. ट्रामवाल्यांनी त्यांना मेणबत्ती घासली, कंबरेने रेटा दिला, ब्रेक लावताना ओरडावे तसे ओरडले, आणि मी कितीतरी वर्षांनी उघडले.

टेबलक्लॉथला त्यांनी इतकी खळ घातली की तो नुसता उभा राहिला. खालच्या मजल्यावर एकटी राहणारी शिवणकाम करणारी बाई काही मागायला वर आली होती. ती दारातच थबकली. "ट्रामवाले, हा टेबलक्लॉथ आहे की पत्रा?"

"कडक पाहिजे ना?"

"कडक पाहिजे, पण जेवताना पाहुण्यांचे गुडघे कापले जातील!"

तिने तो पुन्हा धुवायला लावला. इस्त्री मात्र त्यांनी स्वतःच केली, तीही थेट माझ्यावर ठेवून. खालून मी भाजले. त्या डागाचा मला राग आला नाही. इतक्या दिवसांनी कुणाचा तरी हात लागत होता.

गहू पेरायचे राहूनच गेले होते. आदल्या दिवशी ते लक्षात आले, तेव्हा ट्रामवाले स्वयंपाकघरातली कात्री घेऊन बाहेर पडले. आगारामागे वापरात नसलेले रूळ आहेत, त्यांच्यामध्ये गवत उगवते. ते कापून त्यांनी डबाभर आणले. एका अंड्याला तडा गेला, तो भाग त्यांनी गवतात खाली दडवला. नॅपकिनचे कान काही केल्या उभे राहीनात. त्यांनी एकदा दुमडले, उलगडले, पुन्हा दुमडले. शेवटी स्वतःशीच म्हणाले, "ससा राहू दे. गाढव झालं तरी चालेल."

पण फुले? फुले त्यांनी बुटक्या बरणीतच ठेवली. मग खुर्चीवर बसून समोर पाहिले. पलीकडच्या खुर्च्या नीट दिसतात याची खात्री करून घेतली.

ईस्टरच्या सकाळी ते दाढी करून, टाय बांधून तयार बसले. कोंबडी भाजून झाली होती. बटाटे झाकून ठेवले होते. तेवढ्यात फोन वाजला.

मला फक्त त्यांचेच बोलणे ऐकू येत होते. "काय? ताप? कधीपासून?... अगं, मग तिला घेऊन बाहेर पडूच नकोस. पोर आधी... छे, छे, वाईट कसलं वाटायचं? मी इथं फारसं काही केलंच नव्हतं."

त्यांनी फोन ठेवला. मग टाय सोडला. ओट्याशी उभे राहून एक बटाटा खाल्ला. माझ्याकडे मात्र ते आले नाहीत.

मित्रांनो, धूळ खात पडलेले टेबल एकटे असते हे खरे. पण नटूनथटूनही ज्याच्याकडे कुणी आले नाही, ते टेबल त्याहून एकटे असते. दिवस गेले तरी त्यांनी काहीच उचलले नाही. गवत पिवळे पडले. पाकळ्या ताटांत गळल्या. अंड्यांना वास सुटला. ते माझ्या बाजूने जाताना मान दुसरीकडे वळवत, जणू मीच त्यांना काही लागेल असे बोलणार होते.

आणि मग आठवड्याच्या अधल्यामधल्या एका दुपारी दार वाजले. भिंगरी! सुट्टी मिळाली नव्हती, कामावरून तशीच गाडी पकडून आली होती. "बाबा, तिचा ताप उतरला. सासूबाई आहेत तिच्यापाशी. म्हटलं, तुम्हांला..."

तिने मला पाहिले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तुम्ही तर म्हणालात, काही केलंच नाही."

"फारसं, म्हणालो."

"आणि हे काय? गाढवं?"

"ससे आहेत ते."

ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटले. ती खुर्चीत बसली. ट्रामवाले तिच्या समोर बसले. बरणीतल्या सुकल्या फुलांवरून दोघे एकमेकांना दिसत होते.

"आवरलं का नाही, बाबा?"

"मांडायचं शिकलो गं," ते म्हणाले. "आवरायला हात उचलत नाही. आवरलं की संपलंच ना." मग त्यांनीच विचारले, "ती लहान खोली... तिला खिडकी आहे का?"

"आहे. रस्ता दिसतो. ट्रामसुद्धा."

मग दोघांनी मिळून मला आवरले. टेबलक्लॉथ खिडकीबाहेर झटकला. जुन्या खोड्या निघाल्या, घरधनिणीचे नाव निघाले, दोघेही पोटभर रडले आणि खाली जाऊन पाव आणून त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला. माझ्यापाशी बसून. ते माझ्यावरचे शेवटचे जेवण.

ट्रामवाले लेकीकडे गेले. त्या खोलीत मी मावण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी मला शिवणाऱ्या बाईला देऊन टाकले. ती मला जपते. पण कापडाला डाग पडू नये म्हणून ती स्वतः ताट मांडीवर घेऊन, शेगडीपाशी बसून जेवते. मी एका भिंतीला, ती दुसऱ्या भिंतीला. रात्री ती दिवा मालवते आणि झोपते.

मित्रांनो, टेबलाला तेल पाजा, ओल्या फडक्याने पुसू नका, इस्त्री तर मुळीच ठेवू नका. पण हे सगळे राहिले तरी चालेल. माझे मागणे वेगळेच आहे. कुणी तुमच्यासाठी ताट मांडून वाट पाहत असेल आणि ठरल्या दिवशी तुम्हांला जमले नाही, तर आता कुठल्या तोंडाने जायचे म्हणून घरी बसू नका. फुले सुकलेली असतील, अन्न वाया गेले असेल. तरी जा. वाट पाहणारे माणूस तारीख पाहत नसते.