फोटो नसलेला जोडीदार

मित्रांनो, मी एक जुना वीरगळ आहे. गुरं वाचवताना मेलेल्या एका माणसाची आठवण म्हणून पाथरवटाने मला घडवलं. खाली आडवा पडलेला वीर, त्याच्या वर गाई, माथ्यावर चंद्रसूर्य. म्हसवडच्या अलीकडे एका माळावर मी कित्येक शतकं उभा आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलो. कौतुक करायला आलेल्या माणसाच्या हाताकडे आधी बघावं. एकाने असंच कौतुक करता करता माझा कळस फोडून नेला होता.

शेजारी माझा जोडीदार होता. त्याच्यावरच्या वीराच्या पायाशी कुत्रं कोरलेलं. मेंढरं राखणाऱ्या तानुबाईच्या घराण्याचा तो मूळपुरुष. मला गावाचा नारळ मिळे, पण त्याला ती रोज स्वतःच्या हाताने तेल लावी. मला त्याचा हेवा वाटायचा.

१९९८ साली वडूजला संगणकाचा वर्ग चालवणारा राजरत्न आला. त्याच्या कॅमेऱ्यात रीळच नव्हतं, फ्लॉपी होती. ज्या कॅमेऱ्यात रीळ नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

"आज्जी, या दगडांची नोंद कुठंच न्हाई. फोटो संगणकात ठेवतो. इंटरनेटवर घातलं की सगळं जग बघंल," तो म्हणाला.

सगळं जग म्हणजे चोरसुद्धा आलेच की! मी मनात चरफडलो. तानुबाईलाही तेच वाटलं. "आठवड्यानं ये. कारभाऱ्यास्नी इचारते," म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

मेंढरांचा व्यापारी लालासाहेब तिच्या घरचा चहा पिऊन मोठा झालेला. तो म्हणाला, "आत्या, त्या पोराचं लक्षण बरं न्हाई. एक दगड दाव, पर घरचा झाकून ठेव." आणि त्यानेच खांदा देऊन माझ्या जोडीदाराला मेंढवाड्यात नेलं, लेंडीखताखाली पुरलं. आठवड्याने राजरत्न आला, दुसऱ्या दगडाचं विचारू लागला, तेव्हा तानुबाई म्हणाली, "दुसरा कुठला? एकच हाय." त्याने चारी बाजूंनी माझे फोटो काढले. एका गाईचं शिंग पोरांनी गोटे मारून तोडलं होतं, तेही टिपलं. मी अंग चोरून उभा होतो.

मार्गशीर्षात सगळं गाव म्हसवडच्या रथाच्या जत्रेला गेलं. भरदुपारी टेम्पो आला. पुढे लालासाहेब बसला होता. त्याने आधी मेंढवाडा उकरला, मग मला उपटलं. मी आयुष्यभर परक्यांवर डोळा ठेवला, घरच्यावर ठेवायचं सुचलंच नाही.

कडेगावजवळ पोलिसांनी टेम्पो अडवला. लालासाहेब बेधडक म्हणाला, "दोन्ही माझ्या रानात गावल्यात." खबर लागताच तानुबाई आणि राजरत्न चौकीत धावत आले. राजरत्नने माझे छापील फोटो टेबलावर मांडले. तुटलेलं शिंग जुळलं, फोटोची तारीख चोरीच्या आधीची निघाली, मी सुटलो.

"आन् ह्यो बी आमचाच," तानुबाई जोडीदाराला कवटाळून म्हणाली. "पायापाशी कुत्रं हाय बघा!"

"ते तर दगड बघून कुणीबी सांगंल, आजी," फौजदार हळू आवाजात म्हणाला. "ह्याचा फोटो कुठं हाय?"

तिने राजरत्नकडे पाहिलं. त्याच्याकडे फक्त माझेच फोटो होते. सगळं गाव साक्षीला उभं राहिलं, तर लालासाहेबानेही आपली चार माणसं उभी केली. निकाल लागेपर्यंत दगड चौकीच्या खोलीत राहील, असं ठरलं. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं.

आता तानुबाई मला तेल लावते. मला ते नकोसं होतं. परवा राजरत्न आला तेव्हा ती त्याचा हात धरून रडली. "लेकरा, तुला चोर समजले आन् चोराच्या खांद्यावर माझा देव दिला रं!"

मित्रांनो, संशय जरूर घ्या. माझा स्वभावही अजून गेलेला नाही. पण तुमच्या शिवारातल्या दगडांचे, शिलालेखांचे, पडक्या देवळांचे फोटो आधी काढून ठेवा, आणि जे सगळ्यांत जिवाचं आहे त्याचा सगळ्यांत आधी काढा. माझ्या जोडीदाराला ओळखणारं अख्खं गाव आहे. ओळख पटवणारं एक चित्र मात्र नाही.