गोड्या विहिरीचं पाणी

रघू मिस्त्री चौलहून आला, त्याने खांद्यावरची पिशवी अंगणात टाकली आणि मांडवाखाली उभ्या असलेल्या पिवळ्या गाडीचं पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतंच. एक छत्री होती आणि हर्षदच्या चपला.

"अरे, इंजिन तिकडं नाय, पाठीमागं हाय," कृष्णाबाई ओटीवरून म्हणाली.

"मग डिकी कुठं?"

"तू उघडलीस ती डिकी."

रघू हसला. "आये, ही गाडी बांधणारा उलट्या पायांचा व्हता का काय?"

कृष्णाबाईला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खारवट पट्ट्यातली जमीन कंपनीला गेली तेव्हा त्या पैशांतून गावात घरोघरी गाड्या आल्या. कोणी टेम्पो घेतला, कोणी डंपर. तिच्या मुलाने, हर्षदने, मात्र ही जमिनीला पोट लावून चालणारी, दोन माणसांची जुनी शर्यतीची गाडी मुंबईहून आणली. सगळ्या गावाने तिला बेडूक म्हटलं. कृष्णाबाईनेही म्हटलं होतं, "हिच्यात बसायचं म्हंजे खाटेखालचं भांडं काढाया वाकल्यासारखं." पण संध्याकाळ झाली की बाप-लेक त्या बेडकात बसून रेवदंड्याच्या पुलापर्यंत जात आणि पोरांसारखे तोंडं लाल करून परत येत. तिच्या नवऱ्याने, दिनानाथने, उभा जन्म ट्रक चालवला. तो आता मुलाच्या शेजारी बसून म्हणायचा, "हिचा आवाज ऐक. ही खोटं बोलणार नाय."

हर्षद गेला तो या गाडीत नव्हे. भावकीतल्या कुणाची तरी मोटरसायकल घेऊन लग्नाला गेला होता, वाटेत घसरला. चांगली गाडी दारात उभी आणि माणूस गेलेला, असं झालं. त्यानंतर दिनानाथने तोंड मिटलं. बोलायला मिटलं तसं खायलाही मिटलं. माणसं ओळखेना. डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून काहीतरी नाव सांगितलं आणि असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असंही सांगितलं.

मग एका संध्याकाळी बॅटरी मरू नये म्हणून कृष्णाबाईने गाडीची चावी फिरवली. तिला तेवढंच येत होतं. पाठीमागे इंजिन घुमलं आणि ओटीवर बसलेला दिनानाथ उठून, भिंतीला धरत धरत येऊन तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "निघालो का?"

"निघालो," ती म्हणाली.

"पोयनाड," तो म्हणाला. ट्रकच्या पुण्याच्या वाटेवरचं गाव. थोड्या वेळाने, "वडखळ. हळू, इथं पोलीस असतो." मग पेण. मग खोपोली, मग घाट. गाडी मांडवाखाली जागच्या जागी घुमत होती, आणि तो त्या आवाजावर घाट चढत होता. शेवटी म्हणाला, "लोणावळा आलं. काय आणलंस गो खायला?" कृष्णाबाई धावत घरात गेली आणि भात-आमटी घेऊन आली. त्याने ताटलीभर भात खाल्ला.

तेव्हापासून रोज तसंच. लोणावळा आलं की जेवण; नाही आलं तर नाही. गावातल्या धनेशच्या टेम्पोत बसवून पाहिलं, तो मिटलेल्या तोंडाने बाहेर बघत बसला. कल्पिताने, म्हणजे मुलीने, उलव्याहून येऊन गाडीचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि त्याच्या कानाशी वाजवला. त्याने मोबाइल हातात घेऊन उलटापालटा केला आणि परत दिला. ती थरथर पाठीला लागायला हवी होती, हे कृष्णाबाईला समजलं. मुलीला समजावून सांगता आलं नाही.

आणि मग गाडी तापायला लागली. खाली पाणी ठिबकायचं. कृष्णाबाई पाठीमागचं टोपण उघडून पाणी ओतायची; आधी तांब्याभर, मग कळशीभर. पुढे तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायला लागला, तेव्हा कल्पिता फोनवर ओरडली, "आई, आता चालूच करू नकोस! पाण्याचा पंप गेलाय तिचा." हर्षद असताना गाडी मुंबईच्या गॅरेजात जायची. ते लोक आता इतक्या लांब यायला तयार नव्हते. नवा पंप परदेशातून मागवावा लागला. तो यायला गौरी-गणपती गेले, नवरात्र गेलं. तेवढ्या काळात दिनानाथ चमच्याने पाजलेल्या पेजेवर तगला होता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

"आज चालू व्हईल ना रं?" कृष्णाबाईने विचारलं.

"पंप नवा, पट्टा नवा. का नाय व्हनार?" रघू गाडीखाली सरकत म्हणाला.

कुंपणापलीकडे शेजारीण सगुणा येऊन उभी राहिली. कुणाच्या दारात पाना-पक्कड वाजली की तिला घरात राहवत नसे. "काय रं मिस्त्री, बेडकाची प्रसूती करतोस का?"

"अवघड हाय मावशी. पाय आधी बाहेर आलेत."

तासाभराने पंप निघाला. रघूने तो उजेडात धरला आणि त्याची बडबड थांबली. पंपाच्या आतली पाणी ढकलणारी पाती राहिलीच नव्हती. उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखं काहीतरी उरलं होतं आणि त्यावर पांढरा थर. त्याने नखाने थर खरवडला, जिभेला लावला आणि थुंकला.

"आये, हिच्यात पानी कुठलं घालत व्हतात?"

"आपल्या विहिरीचं. दुसरं कुठलं?"

"खारं हाय."

"खारं?" कृष्णाबाईचा आवाज चढला. "अख्ख्या खारेपाटात एक आमची विहीर गोडी. लग्नाच्या पंगतीला लोकं आमच्याकडनं पाणी नेत. तू चौलचा, तुला काय ठाव?"

तिला विहिरीचं वाईट कुणी बोललेलं खपत नसे. त्याला कारणही होतं. नव्या नवरीच्या दिवसांत ती दिनानाथबरोबर मिठाच्या ट्रकमध्ये बसून पुण्यापर्यंत जायची. सासू चिडायची, पण दिनानाथ म्हणायचा, "क्लीनर पळालाय, हीच माझी क्लीनर." खोपोलीला घाटाखाली ट्रक थांबवायचा, बॉनेट उघडायचं, आणि तिने घरून आणलेला पाण्याचा डबा त्याच्या हातात द्यायचा. वाटेत हवं तेवढं पाणी मिळे. तो घेत नसे. "खाऱ्या पाण्यानं इंजिन मरतं, कृष्णे. गाडीला आपल्या विहिरीचंच पाजायचं." तापलेल्या गाडीला विहिरीचं पाणी द्यायचं, गाड्यांविषयी तिला एवढंच माहीत होतं, आणि ते तिने कधी चुकवलं नव्हतं.

"सगुणे, सांग गो ह्याला," ती कुंपणाकडे वळली. "विहीर कशी हाय ती सांग."

सगुणा कुंपणाची काठी नखाने सोलायला लागली.

"सांग की!"

"कृष्णे," सगुणा म्हणाली, "समुद्राकडचा काठा फुटला तवापासून तुजी विहीर खारी झाली. आमी भांडी पण नाय घासत त्या पाण्यानं. तुला नळाचं पाणी येतं, तू कशाला चाखतेस!"

"मग मना बोलली का नाय तू?"

"कोन बोलनार? काठा फुटला त्याच महिन्यात हर्षद गेला. तुज्या दारात येऊन विहिरीची गोष्ट कुनी काढावी? मग राहूनच गेलं."

पूर्वी काठा, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारा मातीचा बांध, फुटला की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावे, भरती परत यायच्या आत भगदाड बुजवे. आता जमीनच आपली नाही म्हणून कुणी धावलं नव्हतं. कृष्णाबाई विहिरीवर गेली, पोहरा सोडला, ओंजळ भरून तोंडाला लावली. विहिरीजवळची मोगऱ्याची वेल वाळली तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं लक्ष राहिलं नाही म्हणून वाळली.

ती तोंड न पुसताच परत आली. "पंप बसव," रघूला म्हणाली.

"बसवतो. पन आये, एक सांगतो." त्याने इंजिनातली तेलाची पट्टी ओढून तिच्यापुढे धरली. तिच्यावर काळं तेल नव्हतं, दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं. "पानी तेलात उतरलंय. आतनं किती खाल्लंय, कुनाला दिसनार? चालंल तितकी चालंल."

"लोणावळ्यापर्यंत चालू दे," ती म्हणाली. रघूला ते कळलं नाही. त्याने मान डोलावली.

नवा पंप बसला. रघूने नळाच्या पाण्याने आतून धुऊन काढलं, तेल बदललं, इंजिन थंड ठेवणारं हिरवं औषधी पाणी भरलं. कृष्णाबाईने भात कालवून ताटली पदरात झाकून घेतली आणि चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं, मग घुमलं. तोच आवाज. ओटीवर दिनानाथने मान वर केली. रघूने आणि सगुणाने दोन्ही बाजूंनी धरून त्याला आणलं. गाडीत बसवताना रघूला त्याचं वजन कळलं आणि त्याने तोंड दुसरीकडे केलं.

"निघालो का?" दिनानाथ म्हणाला. आवाज घासलेला होता.

"निघालो," कृष्णाबाई म्हणाली. तिचे डोळे काट्यावर होते.

"पोयनाड."

काटा मध्यावर.

"वडखळ. हळू."

"व्हय, हळूच हाय."

पेण आलं तेव्हा काटा हलला. पाठीमागून पांढरा धूर मांडवात शिरला आणि सगुणा खोकत बाजूला झाली. रघू ओरडला, "आये, बंद करा!" तिने बंद केली नाही. दिनानाथ खिडकीबाहेर मांडवाच्या खांबाकडे बघत म्हणाला, "खोपोली." आतून हातोडा मारल्यासारखा आवाज झाला, गाडी हादरली आणि थांबली.

रघूने पाठीमागचं झाकण उघडलं, वाफेत हात हलवला, झाकण तसंच ठेवलं. "दुसरं इंजिन मिळंल का रं?" कृष्णाबाईने आतूनच विचारलं. "ह्या गाडीचं नाय मिळत आता, आये," तो म्हणाला.

तिने ताटली उघडली. "अहो, लोणावळा आलं बघा. जेवूया."

दिनानाथने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत त्याने तिच्याकडे असं थेट पाहिलं नव्हतं. "घाट कुठं चढला?" तो म्हणाला. "गाडी तापलीय. पाणी घाल गो, कृष्णे."

ती उतरली, कळशी घेऊन विहिरीकडे निघाली.

"आये, आता काय उपेग?" रघू म्हणाला.

"तो सांगतोय ना."

तिने कळशी भरून आणली आणि तापलेल्या इंजिनाच्या तोंडात सगळी ओतली. पाणी चरचरलं आणि खालून जमिनीवर वाहून गेलं. ती परत येऊन त्याच्या शेजारी बसली.

"घातलं?"

"घातलं."

"आपल्या विहिरीचं?"

"व्हय. आपल्या विहिरीचं."

त्याने समाधानाने मान हलवली आणि वाट बघत बसला. तिने चावी फिरवली. टिक् झालं. परत फिरवली. त्याने कान लावला होता, तो तसाच होता. तिने भाताचा घास त्याच्या ओठांशी नेला, आणि ओठ मिटलेले होते. खोपोलीच्या खाली गाडी उभी होती, आणि घाट सगळा शिल्लक होता.