ढावलोचा धडा

विद्यापीठाने पत्रकारितेचा नवा अभ्यासक्रम करायला घेतला आणि बैठक यवतमाळच्या कॉलेजात ठेवली. तज्ज्ञ बाहेरून आले. बाहेरून आल्याशिवाय आपल्याकडे कुणी तज्ज्ञ होतच नाही. त्या कॉलेजात पत्रकारिता शिकवणारा पूनमसिंग एकटाच, म्हणून समितीत त्याला एक खुर्ची मिळाली आणि चहापाण्याची जबाबदारीही.

त्याला एकच धडा हवा होता: बातमी करण्याआधी समोर काय चाललंय ते त्याच माणसांना विचारा. उदाहरण घरचंच होतं. महागावकडच्या तांड्यात बहीण पुष्पाचं लग्न झालं. बंजारा नवरी सासरी निघताना आपल्या माणसांच्या गळ्यात पडून गात रडते, त्याला ढावलो म्हणतात. न रडणाऱ्या नवरीलाच तांडा नावं ठेवतो. पुष्पा मन लावून रडली. पाहुणा म्हणून जेवायला आलेल्या एका वार्ताहराने ते टिपलं आणि जबरदस्तीचं लग्न म्हणून चॅनेलवर दाखवलं. पोलिसांनी तिच्या सासऱ्याला ठाण्यात बसवून ठेवलं. सुटल्यावर त्याने सुनेला माहेरी आणून सोडलं, ते कायमचंच. आता ती यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला पूनमसिंगकडे राहते.

सकाळी तीच म्हणाली होती, "भिया, माह्यं नाव घेऊन सांग. दुसऱ्या पोरीवर नको यायले हे."

दिल्लीहून आलेल्या इंद्रजीत सरांनी धडा वाचला. "छान आहे, पण फारच स्थानिक," म्हणाले आणि काट मारली. मग ग्रामीण वार्तांकनाचा नमुना म्हणून त्यांनी पडद्यावर एक बातमी लावली. पूनमसिंगला आधी आवाज ओळखू आला. पुष्पा रडत होती.

"कॅमेरा कसा जराही हलत नाही, बघा," सर सांगत होते.

"सर, ही माझी बहीण आहे. बातमी खोटी आहे," पूनमसिंग उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

सरांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. "चेहरा धूसर करू," ते म्हणाले. "रडणं मात्र राहू द्या, त्यातच सगळं आहे. आणि शिकवायला तुम्ही आहातच की!"

बाकी सगळ्यांचे हात वर गेले. पूनमसिंगचा खालीच राहिला. त्याला विचारतो कोण? नमुना मंजूर झाला.

घरी पुष्पा दारातच उभी होती. "घेतलं काय माह्यं?"

"घेतलं," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी ती हसली. तिला खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही आणि स्वतःचीच किळस आली.

"मंग लाजू नको, पोरायले नीट समजावून सांगजो," ती म्हणाली. "तू शिकवशील त्या दिवशी मी बी येईन. मागं बसून आयकीन."