अर्ध्या शब्दावर

बोलताना दादाची जीभ अडखळायची, देवाचं गाताना मात्र कधी नाही. तरी चारचौघांत गायचा धीर व्हायला त्याला पन्नाशी उलटावी लागली. आज तो प्रार्थनामंडळात नाव नोंदवायला धाकट्या बहिणीकडे आला होता. नोंदणी संध्याकाळी बंद होणार होती आणि मंडळाच्या वेबसाइटवरचा तो फॉर्म तिनंच बनवला होता.

"च... च..." दादानं सुरुवात केली.

"चहा ना? ठेवते!" ती उठलीसुद्धा. दादानं नेहमीसारखी मान डोलावली.

चहा घेऊन ती आली, तर दादा लॅपटॉपपासून खुर्ची लांब सरकवून बसलेला.

"रा-राहू दे गं. हे आपलं काम नव्हे."

"अरे, पण झालं काय?"

"बघ ना." त्यानं ई-मेलचं पहिलं अक्षर दाबलं. लगेच खाली लाल ओळ: ई-मेल चुकीचा आहे. मोबाइलचा पहिला आकडा टाकला, तर नंबर चुकीचा आहे. "अगं, पु-पुढचे आकडे यायचेत अजून! ही बया तोंड उघडलं की टो-टोकते. शाळेतले मास्तर परवडले!"

ती हसणार, इतक्यात तिला आठवलं. दर अक्षराला तपासायची ही हुशारी तिचीच. ऑफिसात किती मिरवली होती! आणि मघाशी दादाच्या 'च'वर आपण तरी दुसरं काय केलं?

"चहा घे तोवर," म्हणून ती खाली मान घालून कामाला लागली. आता एक रकाना लिहून माणूस पुढे गेला, की मगच फॉर्म बोलणार होता. तेही नुसतं 'चुकीचं' म्हणून नाही. काय राहिलं ते सांगणार होता.

दादा पुन्हा बसला. एका बोटानं, सावकाश. कोणी टोकलं नाही. फक्त मोबाइलखाली ओळ आली: एक आकडा राहिला आहे.

"हां, असं सां-सांगावं माणसानं!" त्यानं आकडा भरला. नोंदणी झाली.

मग तो तिच्याकडे वळला. "च... च..."

रिकाम्या कपाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. ओठ घट्ट मिटून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"च-चल," शब्द एकदाचा सुटला. "मघाशीही तेच म्हणत होतो. तूपण चल गायला. ए-एकट्याला भीती वाटते गं."

तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला घेतलं.