मौनातलं जेवण

चातुर्मासात मी दिवसातून एकदाच जेवते, आणि तेही मौनाने. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. निघालाच, तर ताट तसंच सोडून उठायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावर राहायचं. दोह्यात अकरा वर्षं झाली, देवाच्या कृपेने नेम एकदाही मोडला नाही.

माझा धाकटा भाऊ नंदू चार वर्षांपूर्वी आमच्याकडे अल मन्सूराला आला. दिवसभर दुकानांच्या पाट्या बनवायचा आणि घरी आला की बाल्कनीत चित्रं काढत बसायचा. हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप. कुणी चित्रं बघायला आलं की हा भिंतीला टेकून उभा, आणि बोलायची मी. रंग किती छान आहेत, लहानपणापासून त्याला कशी आवड आहे, सगळं सांगायची. लोक चहा प्यायचे, ‘व्हेरी नाइस’ म्हणायचे आणि जायचे.

शेवटी ह्यांनी आपल्या कंपनीत त्याच्यासाठी स्टोअरकीपरची जागा पाहिली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. रविवारी उत्तर द्यायचं होतं. नंदू म्हणाला, अल दुहैलच्या एका शाळेतल्या हनिया मॅडम शनिवारी चित्रं बघायला येतायत, लायब्ररीची भिंत रंगवायची आहे. “ते जमलं तर ठीक. नाहीतर ब्रश खलास, ताई.” हसत बोलला, पण त्या दिवसापासून त्याने रंगाची एक ट्यूब उघडली नाही.

मॅडम तीनला येणार होत्या. मी एकला ताटावर बसले. दोन घास झाले आणि बेल वाजली. त्यांचं दुसरं काम लवकर आटोपलं होतं, म्हणून सरळ इकडेच आल्या.

नंदूने त्यांना बसवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की ताईचं व्रत आहे, ती जेवताना बोलत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली. मग तो एकेक चित्र समोर ठेवत गेला, मुकाट्याने. त्याही मुकाट्याने बघत गेल्या. पाच चित्रं झाली. सहाव्याला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मनात म्हटलं, देवा, एक दिवस उपाशी राहीन, पुढे प्रायश्चित्त घेईन, पण ह्या पोराचं आयुष्य गोदामात जायला नको. मी घास ताटात ठेवला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात नंदूचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा बेत त्याला बरोबर कळला. त्याने हाताने मला थांबवलं. म्हणाला, “ताई, तू जेव. मी सांगतो.”

त्याने सहावं चित्र उचललं. एका घराच्या कुंपणाला लावलेला पाण्याचा कूलर, साखळीला स्टीलचा पेला, आणि पाणी प्यायला थांबलेली माणसं.

“मॅडम, ये कूलर हमारे पीछे की गली में है,” तो म्हणाला. आवाज कापत होता, पण थांबला नाही. पहिल्या उन्हाळ्यात काम शोधताना बसचे पैसे वाचवायला तो रोज चालत जायचा. येता-जाता इथे पाणी प्यायचा. कुणाचं घर ते अजून ठाऊक नाही. पेला सगळ्यांना एकच: ड्रायव्हरला, सफाईवाल्याला, दप्तर घेतलेल्या मुलीला. साखळी लांब ठेवलीय, म्हणजे सगळ्यात बुटक्या पोराचाही हात पोचतो.

मी त्याला रोज बसचे पैसे द्यायची. तो चालत जायचा, हे मला त्या दिवशी कळलं. डोळे भरून आले. मी खाली बघून घास घेतला.

मॅडमनी चित्र जवळ ओढलं. विचारलं, हा पेला आमच्या भिंतीवर पहिलीच्या मुलांच्या उंचीला काढता येईल का? नंदू म्हणाला, आधी मुलांची उंची मोजावी लागेल. मग दोघं बोलत बसले, सावलीबद्दल, रंगाबद्दल, कुठला रंग मुलांच्या हातांनी मळत नाही त्याबद्दल. मला मधे बोलायला जागाच नव्हती.

रविवारी भिंतीचं माप घ्यायला या, असं सांगून त्या गेल्या. मी हात धुतले. ह्यांना मी फोन लावते म्हटलं, तर नंदूने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच लावला.

“भाऊजी, नंदू बोलतोय. रागावू नका, पण त्या जागेवर दुसरं कुणी बघा.”