इंदूमावशीसाठी दिवाळीची टोपली

दिवाळी तोंडावर आली तरी इंदूमावशींनी अम्मीला करंज्यांना बोलावलं नव्हतं. बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण आमच्या पौडातल्या घरात हे संकटच होतं!

इंदूमावशी आमच्या शेजारच्या. दोन घरांच्या मधे फक्त तारेचं कुंपण, आणि त्यावर दोन्हीकडचे कपडे वाळत पडलेले. माझ्या जन्माच्या आधीपासून दिवाळीत अम्मी त्यांच्याकडे करंज्यांना मुरड घालायला जाते आणि ईदला शेवया परतायला त्या आमच्याकडे येतात. करंज्या काय एकटीनं करायच्या असतात का? एकीनं लाटायच्या, एकीनं भरायच्या, एकीनं मुरडायच्या आणि सगळ्यांनी मिळून गावभरच्या गप्पा हाणायच्या. अम्मीची मुरड तर इतकी बारीक की मावशी म्हणायच्या, "सुलताना, तुझ्या बोटात शिलाई मशीन बशिवलंय काय गं?"

मग गणपतीत घोळ झाला. फार्म स्टोअरवाले कुणी साहेब मावशींचं लिंबाचं लोणचं चाखायला आले. पसंत पडलं तर दुकानात ठेवणार होते. मी शाळेत होते, पण अम्मी नेमकी तिथंच बसलेली. त्यांनी सहज तिला विचारलं, "तुम्हाला कसं वाटतं?" दुसरी कुणी असती तर 'लई भारी' म्हणून मोकळी झाली असती. पण ही आमची अम्मी! म्हणाली, "चव हाय, पर मीठ लई झालंय."

साहेब हसले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून मावशी अम्मीशी बोलल्या नाहीत. कुंपणावरचे त्यांचे कपडेसुद्धा अंगणातल्या दोरीवर गेले.

"न्हाई बोलायचं तर नगं बोलूस," असं अम्मी भांडी आपटत म्हणायची. पण परवा पोळी लाटता लाटता तिनं पोळीच्या कडेला नकळत मुरड घातली, थांबली, आणि पोळीचा पुन्हा गोळा करून टाकला. ते बघून मी ठरवलं, आता आपणच काहीतरी करायचं.

कारण आता मी पूर्वीची जस्मीन नाही! गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. यंदा पंधरा ऑगस्टला निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माइक माझ्या हातात कोंबला, आणि तेव्हापासून माझं तोंड काही बंद झालेलं नाही.

साठवलेले ईदीचे पैसे घेतले आणि चुलतभावाच्या, तारिकभाईच्या, गाडीवर मागे बसून मुठ्याच्या रस्त्याला लागले. तिकडे शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या लोकांसाठी फार्म स्टोअर निघालीत. पहिल्या दुकानात गोवऱ्या चक्क सोनेरी रिबिनीत बांधून ठेवलेल्या!

"घे की," तारिकभाई कानात कुजबुजला. "मावशीला गोवरी दे. लगेच बोलायला लागंल. काय बोलंल ते मात्र इचारू नको."

तिथून पळालो. दुसऱ्या दुकानात मात्र मी दारातच थबकले. बांबूच्या टोपल्या, आत भाताचा पेंढा, आणि पेंढ्यात खळगे करून अलगद बसवलेल्या वस्तू: इंद्रायणी तांदूळ, मध, नाचणीचे लाडू, लोणच्याची बरणी. वरून लाल चमचमता कागद. अशी भेट मिळाली तर कोण रुसून बसेल?

"कुणासाठी हवीये?" मालकांनी विचारलं. अनिमेष काका म्हणे, सगळे त्यांना तसंच म्हणतात.

"रुसलेल्या माणसासाठी," मी म्हणाले. "म्हणून थोडं कमी करा. समजूत घालायची आहे, त्यात पुण्य तुम्हालाही लागेल."

"असं गिऱ्हाईक रोज आलं तर दुकान बंद करावं लागेल," ते हसत म्हणाले, पण कमी केलं. मी टोपली मांडीवर घेऊन अशी ऐटीत परत आले की जणू तालुका जिंकला!

अम्मीनं टोपली पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बये! लोणच्यावरनं भांडान झालं आन तू लोणचंच घिऊन चाललीस? जखमेवर मीठ चोळतीस व्हय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या चमचमत्या कागदावरच भाळले होते ना! अम्मीनं लाल कागद सोडवला, बरणी काढून घेतली आणि कागद पुन्हा नीट बांधला. बरणी मात्र तिच्याच हातात राहिली. "बघू तर, पुन्यामुंबयची लोकं काय खात्यात," म्हणत तिनं झाकण उघडलं. भाकरीचा तुकडा बुडवला. मग दुसरा. मग अख्खी भाकरी.

"हं!" ती म्हणाली. "ह्याला म्हनत्यात लोणचं. मीठ कसं मापात हाय बघ."

मी टोपली घेऊन मावशींकडे गेले. त्या एकट्याच पोळपाटाशी बसल्या होत्या. पीठ ओल्या फडक्याखाली झाकलेलं, हातात कातण. करंजीची कड त्या कातणानं कापत होत्या, आणि कापलेली करंजी बिचारी तोंड उघडून बसत होती.

"मावशी, दिवाळीची भेट! आमच्याकडून."

'आमच्या' या शब्दावर त्यांनी वर पाहिलं. मग टोपलीकडे. कागदातून बोट घालून त्यांनी पेंढ्यातला रिकामा खळगा चाचपला.

"हितली बरणी कुटं हाय?"

"कुठली बरणी?"

"माझी. समद्या टोपल्यांत माझंच लोणचं हाय. त्या अनिमेषसायबांनी पुन्हा येऊन नेलं की."

मी आ वासून बघत राहिले. "मग सांगितलं का नाही?"

"कुनाला? तुझ्या अम्मीला? तिच्यामुळंच सुदारलं म्हनून मिरवली आसती." मग त्यांचा आवाज उतरला. "तिनंच काढली ना बरणी?"

"हो, पण..."

"माझं हाय हे वळखूनच काढली. अजून मिठाचाच राग धरलाय तिनं. ऱ्हाऊ दे. घिऊन जा ही टोपली."

झालं! जोडायला गेले आणि होतं तेही तुटायला आलं. मावशींनी टोपली माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा कातण उचललं. जुनी जस्मीन इथं गुपचूप घरी गेली असती. मी मात्र माइकचा आवाज काढला.

"मावशी, तिला ठाऊकच नाही ते तुमचं आहे! आणि ती बसून खातेय! माझ्या वाट्याचंही संपवलं असेल!"

"काय बी सांगतीस."

"चला, दाखवते."

मी हाताला धरून त्यांना कुंपणापाशी आणलं. पलीकडे स्वयंपाकघराच्या दारात अम्मी बसली होती. भाकरी संपली होती. आता बरणीत बोट फिरवून ती बोट चाटत होती.

"सुलताना!" मावशी ओरडल्या. "मीठ कसं हाय गं?"

अम्मी दचकली. "तुला कशाला पायजे?"

"मीच घातलंय म्हनून!"

अम्मीनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग चाटायचं राहिलेलं बोट शांतपणे चाटून घेतलं.

"तवा जास्तच हुतं," ती म्हणाली.

"तवा मुरलं न्हवतं!"

"मग कच्चं कशापायी चाखाय दिलंस?"

"तुला कुनी इचारलं हुतं?"

"त्या मानसानं इचारलं हुतं की!"

एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं कुंपणावरून उडायला लागलं. आवाज इतका चढला की तारिकभाई गाडी तशीच टाकून धावत आला. त्याला वाटलं मारामारीच जुंपली. मला मात्र इतका आनंद झाला होता की काय सांगू! भांडत होत्या म्हणजे बोलत होत्या!

शेवटी मावशींना दम लागला. "भांडायचंच आसंल तर हितं यून भांड," त्या म्हणाल्या. "माझं पीठ वाळाय लागलंय."

अम्मीनं तोवर पायात चपला सरकवल्यासुद्धा होत्या.

हात धुऊन ती पोळपाटाशी आली आणि ताटातली एक करंजी उचलून उजेडात धरली. "ही काय कुत्र्यानं चावली काय?"

"तू न्हवतीस ना," मावशी म्हणाल्या.

अम्मीनं ती करंजी अलगद ताटात ठेवली. मग मावशींना खेटून बसली, लाटलेली पुरी तळहातावर घेतली आणि मला म्हणाली, "हुबी काय ऱ्हायलीस? सारन भर की."